तारेचा की बिनतारी? राखणीची जुनी गोष्ट



आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकाच विषयावर दोन तास गेले. गोदामात गटांची तूर आणि सोयाबीन असते, शेजारी डाळ मिल आहे. तिथं कॅमेरा बसवायचा हे सगळ्यांना पटलं. पण तारेचा की बिनतारी, इथं गाडी अडली. एक ताई म्हणाल्या, "वायर असली तं उंदीर कुरतडतेत. बिनवायरचाच घ्या." दुसऱ्या म्हणाल्या, "रेंज भेटते का पण आपल्या गावात?" शेवटी आधी माहिती काढायची ठरली. ती काढता काढता राखणीचा इतिहासच हाती लागला. आज तोच सांगतो.

कॅमेरा नव्हता तेव्हा गावात जागल्या होता. रात्रीची गस्त, शिवेवर लक्ष, चोराचा माग काढणं ही त्याची कामं. गावाला ही राखण स्वस्तात पडायची, कारण तिचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर होता. अनेक गावांत हे काम महार समाजाच्या माथी मारलेलं होतं. दिवस-रात्र राबायचं आणि मोबदला अगदी तुटपुंजा. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला लावत. या वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. राखणीचा विचार करताना ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटली. राखण फुकट कधीच नसते, तिचा भार कोणावर पडतो ते आधी बघावं लागतं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. आधी तारेचा बघू. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनीत पेनेम्युंडे इथं रॉकेटच्या चाचण्या चालल्या होत्या. रॉकेट उडताना जवळ उभं राहणं धोक्याचं. म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने कॅमेरे बसवले आणि तारेने जोडून दूरच्या सुरक्षित जागी पडद्यावर चित्र दाखवलं. सीसीटीव्ही या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ आहे बंद घेरा. कॅमेरा, तार आणि पडदा. चित्र त्या घेऱ्याबाहेर जात नाही. सुरुवातीला चित्र साठवायची सोय नव्हती, त्यामुळे पडद्यासमोर माणूस बसवावाच लागे.

घराच्या राखणीसाठी कॅमेरा वापरायची मोठी कल्पना मात्र एका बाईची. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या एक परिचारिका राहत. त्यांच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, त्यामुळे अवेळी त्या घरात एकट्या असायच्या. त्यांच्या वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस बोलावले तरी उशिरा येत. रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही? आपल्यापैकी कितीजणींना हा प्रश्न पडलेला आहे!

मेरीबाईंनी नवऱ्याच्या मदतीने तोड काढली. दाराला वर-खाली चार भोकं, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा. उंच माणूस असो की लहान मूल, चेहरा दिसणारच. चित्र बिनतारी लहरींवरून आतल्या खोलीतल्या टीव्हीवर यायचं. बाहेरच्याशी बोलायची सोय, दूरवरून दार उघडायचं बटण आणि धोका वाटला तर मदत मागायचं बटण, असं सगळं त्यांच्या आराखड्यात होतं. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. आज दुकानात मिळणाऱ्या बिनतारी कॅमेऱ्याची कल्पना अशी जुनी आहे.

बिनतारी कॅमेरे आपल्या यवतमाळ जिल्ह्यानेही पाहिले आहेत, तेही जंगलात. २०१८ साली राळेगाव आणि पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. १३ माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं. कापसाच्या हंगामातही बाया एकट्या-दुकट्या शेतात जायला धजत नव्हत्या. वन विभागाने झाडांना कॅमेरा ट्रॅप बांधले. समोरून जनावर गेलं की हा कॅमेरा आपोआप फोटो काढतो. पट्ट्यांवरून वाघ कोणता ते ओळखता येतं. याला तार नाही, वीज सेलची. पण साध्या कॅमेरा ट्रॅपमध्ये फोटो आतल्या कार्डातच राहतो. कोणी तरी जंगलात जाऊन कार्ड काढेपर्यंत आणि सेल बदलेपर्यंत त्याचा उपयोग नाही. वाघीण काल कुठं होती ते कळतं, आत्ता कुठं आहे ते नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती वाघीण मारली गेली. तोवर महिनोन्महिने माणसं त्या जंगलात पायपीट करत होती. तार गेली, पण माणसाचं काम काही गेलं नाही.

गावातही तसंच आहे. ज्याला आपण बिनतारी म्हणतो त्या वायफाय कॅमेऱ्याला बहुधा विजेची तार लागतेच. फक्त चित्राची तार वाचते. मध्ये जाड भिंत किंवा टिनपत्रा आला की वायफाय क्षीण होतं. सौरपत्रा आणि सिमकार्डवाला कॅमेरा शेतात, विहिरीवरच्या पंपापाशी चालतो, पण तिथं रेंज हवी आणि रिचार्ज वेळेवर हवा. तारेच्या कॅमेऱ्याला रेंज लागत नाही, चित्र डीव्हीआर नावाच्या पेटीत साठतं. मात्र तार पाइपातून न्यावी लागते, नाही तर उंदीर खरंच कुरतडतात. लाईन गेली की दोन्ही आंधळे, म्हणून बॅटरीची सोय हवी. पेटी कुलपात ठेवावी, नाही तर चोर मालाबरोबर पुरावाही नेतो. आणि पेटी भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून काही घडलं तर त्याच दिवशी ते काढून घ्यावं.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. तारेचा कॅमेरा म्हणजे बंद घेरा, असं आपण म्हटलं. पण मोबाईलवर बघता यावं म्हणून ती पेटी इंटरनेटला जोडली की घेऱ्याला दार पडतं. त्या दाराचं कुलूप म्हणजे पासवर्ड. २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातमध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, तपासणीसाठी आलेल्या बायांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. मेरीबाईंनी बाईला सुरक्षित वाटावं म्हणून जो कॅमेरा काढला, तोच इथं बाईच्या जिवावर उठला. बाईच्या खासगी क्षणांचं तिच्या संमतीशिवाय चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

एवढं समजल्यावर आमची पुढची बैठक अर्ध्या तासात आटोपली. ठराव असा झाला. गोदाम आणि डाळ मिल एकाच जागी आहेत, तिथं तारेचे कॅमेरे. पेटी कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे. तूर्त इंटरनेट जोडायचं नाही. पुढं कधी जोडलं तर कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा आणि तो दोघींनाच माहीत असेल. कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे आणि काट्याकडे, हातपंपाकडे किंवा कोणाच्या अंगणाकडे नाही. चित्रण बघायचं तर दोघींनी मिळून आणि नोंदवहीत लिहून. कॅमेरा चालू आहे का ते दर सोमवारी एकीने बघायचं, आणि ही पाळी सगळ्या गटांत फिरेल. जागल्यासारखा सगळा भार एकीवरच पडायला नको.

एका आजींना मात्र अजून शंका होती. त्या म्हणाल्या, "कॅमेरा चोर पकडते का?" आम्ही म्हटलं, "नाही आजी, तो फक्त सांगतो." त्यावर त्या म्हणाल्या, "मंग कुलूप चांगलं घ्या आधी." ठरावात तेही लिहून घेतलं.

तुमच्या गटात असा विषय निघाला तर दुकानात जाण्याआधी बैठक घ्या, आणि ठरावाच्या वहीत पहिली ओळ ही लिहा: चित्रण कोण बघणार?