इंग्रजी आली, पुढे काय?

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या काळ्या माणसांनी रक्त सांडून १९६४चा नागरी हक्क कायदा मिळवला. त्याच कायद्याच्या बळावर पुढे चिनी मुलांनी शाळेला कोर्टात खेचले. तो इतिहास मला इथे मांडायचा आहे.

१९७१च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुले होती. त्यांतल्या सुमारे १,००० मुलांना जादा इंग्रजी शिकवले जाई. उरलेली सुमारे १,८०० मुले न कळणाऱ्या भाषेतले धडे ऐकत वर्गात नुसती बसून असत. शाळेचे म्हणणे असे की, सर्वांना तेच पुस्तक, तोच शिक्षक, तोच वर्ग दिला. मग अन्याय कुठे झाला? खालच्या न्यायालयांना ते पटलेही. मूल घरून जे उणेपण घेऊन येते त्याला शाळा जबाबदार नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. हा सूर आपल्या कानांना अनोळखी आहे काय? आपल्याकडे त्यालाच ‘गुणवत्ता’ म्हणतात.

जानेवारी १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात एकमताने तो निर्णय फिरवला. न समजणाऱ्या मुलापुढे सारखे पुस्तक ठेवणे म्हणजे समता नव्हे, हे मान्य झाले. त्याच वर्षी भाषेचा अडसर दूर करण्याचे कर्तव्य कायद्यानेही शाळांवर टाकले.

पण दार उघडले म्हणजे घर मिळाले असे होत नाही. खास वर्गात इंग्रजी शिकून मूल एकदा चाचणी पास झाले की त्याला सर्वसाधारण वर्गात सोडून देतात. पुढे काय? १९७९ साली जिम कमिन्स या अभ्यासकाने बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. मैदानावरची इंग्रजी दोनेक वर्षांत येते. इतिहास-विज्ञानाच्या पुस्तकातली इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात. फडाफडा बोलणारे मूल परीक्षेत मागे पडले की मास्तर त्याला ‘आळशी’ ठरवतो. भाषेचा प्रश्न असा बुद्धीचा प्रश्न बनवला जातो. १९९८ साली कॅलिफोर्नियाने जनमत घेऊन ही मुदत साधारण एका वर्षावर आणली. तो नियम उलटवायला २०१६ साल उजाडावे लागले.

१९८१ साली टेक्सासच्या ‘कास्तान्येदा’ खटल्यात न्यायालयाने मला फार मोलाची वाटणारी गोष्ट सांगितली. मूल इंग्रजी शिकत असताना त्याचे इतर विषय बुडतात. ते नुकसान भरून देणे हेही शाळेचेच काम. म्हणजे व्यवस्थेचे देणे चाचणीच्या दिवशी फिटत नाही.

२००२ साली अमलात आलेल्या कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यास सांगितले. २०१५च्या कायद्याने त्यांच्या प्रगतीचा हिशेब चार वर्षे मागितला. या हिशेबालाही अर्थ आहे. पुढे गेलेली मुले गटातून वजा होत राहिली तर गट कायमचा ‘नापास’ दिसतो, आणि नापास गटाला नावे ठेवणे सोपे असते.

लक्ष ठेवायचे म्हणजे मुलाचे गुण पाहायचे, विषयाच्या शिक्षकाशी बोलायचे, पालकांना समजेल त्या भाषेत कळवायचे आणि गरज पडली तर मदत पुन्हा सुरू करायची. २०१५ साली केंद्र सरकारने हे सारे शाळांना सविस्तर लिहून कळवले होते. २०२५मध्ये ते पत्र सरकारनेच मागे घेतले. कायदा उभा आहे; त्याचा अर्थ समजावून सांगणारा कागद गेला.

मी पहिल्या पिढीत शिकलेला माणूस. मराठी शाळेतून इंग्रजी व्याख्यानाच्या वर्गात गेलेली आपली मुले कशी गप्प होतात, हे मी जाणतो. आपण प्रवेशासाठी लढलो, ते आवश्यकच होते. पण प्रवेशाच्या यादीत नाव लागल्यावर त्या मुलाचे दुसऱ्या वर्षी काय झाले, तिसऱ्या वर्षी काय झाले, याचा हिशेब कोण मागणार? सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांनी तो मागितला, म्हणून तिथे तो द्यावा लागला. न मागता कोणत्याही व्यवस्थेने कुणाला हिशेब दिलेला नाही.