वकिलीच्या उंबरठ्यावरची इंग्रजी

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात मुलीला घेऊन घरी आला. तो एस.टी.त कंडक्टर आहे. मुलगी बारावीला, कला शाखेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आमच्याच शाळेत. मी निवृत्त झाल्यानंतर ती शाळेत आली, त्यामुळे माझ्या हाताखाली शिकलेली नाही.

"सर, हिला वकील व्हायचंय," तो म्हणाला. "क्लॅट का काय ती परीक्षा आहे. क्लासची फी झेपणारी नाही. तुम्ही जरा बघाल का?"

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. कायद्याशी माझा संबंध भाडेकराराच्या स्टँपपेपरापुरता. तरी हो म्हटलं. विद्यार्थ्याला नाही म्हणायची सवय राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती जुनी प्रश्नपत्रिका घेऊन आली. दोन तास, १२० प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, साधा तर्क आणि थोडं गणित. जवळजवळ प्रत्येक प्रश्नासाठी आधी उतारा वाचायचा, एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. आणि सगळी प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत.

पहिला उतारा वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, ही परीक्षा कायद्याची आहे की इंग्रजीची?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मग इतिहासाच्या मास्तराने जे करायचं तेच केलं, मागे जाऊन पाहिलं.

मुंबईत कायद्याचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं १८५५ साली. आजचं शासकीय विधी महाविद्यालय ते हेच. त्याच्या मुळाशी एक अध्यासन होतं, सर अर्स्किन पेरी यांच्या नावाचं. पेरी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि शिक्षण मंडळाचे, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनचे, अध्यक्षही होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं असं त्यांचं ठाम मत होतं. त्याच मंडळात जगन्नाथ शंकरशेट होते, आपले नाना. लोकांच्या भाषेतून शिकवलं तरच ज्ञान चार लोकांपर्यंत पोचेल, असं नाना सांगत. कर्नल जर्व्हिस हे इंग्रज अधिकारी नानांच्या बाजूने होते. या जर्व्हिससाहेबांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. १८४० च्या दशकात हा वाद चांगलाच रंगला. वरच्या शिक्षणात शेवटी इंग्रजीच राहिली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेही इंग्रजी घेऊनच.

आता गंमत पाहा. पेरी १८५२ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी निघाले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ निधी जमवण्यात नाना शंकरशेट पुढे होते. त्या निधीतूनच कायद्याचं अध्यासन निघालं. ज्यांच्याशी माध्यमावरून वाद घातला त्यांच्याच नावाने आपल्या मुलांना कायदा शिकता यावा म्हणून नाना झटले. माध्यमाचा वाद वेगळा आणि मुलांचं शिक्षण अडू न देणं वेगळं, असं त्यांच्या मनात असावं. हा माझा तर्क, पण मला तो पटतो.

त्या काळात वकील व्हायचे रस्ते एकापेक्षा जास्त होते. विद्यापीठाची एल्एल.बी. होती. टिळकांनी ती १८७९ मध्ये घेतली, रानड्यांनी त्याआधी १८६६ मध्ये. त्याखेरीज हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर अशा वकिलीच्या परीक्षा होत्या. या परीक्षांसाठी तयारी करून घेणारा वर्ग पुण्यात कोणी काढला होता, ठाऊक आहे? खुद्द टिळकांनी. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर त्यांनी 'लॉ क्लास' सुरू केला. या इलाख्यातला तसला तो पहिलाच वर्ग मानला जातो. 'केसरी' आणि 'मराठा' तेव्हा पोटापुरतं देत नव्हते, त्यामुळे प्रपंचाला या वर्गाचा आधार होता. आज आपण 'कोचिंग क्लास' म्हणून नाक मुरडतो, पण त्या धंद्याचे पुण्यातले एक मूळपुरुष लोकमान्य निघतात!

ही गोष्ट मुलीला सांगितली तेव्हा ती हसली. म्हणाली, "म्हणजे तुमचा पण लॉ क्लासच झाला की, आजोबा." मी म्हटलं, "हो, फक्त मास्तरला कायदा येत नाही."

पण परीक्षा पास झालं म्हणजे दार उघडतंच असं नाही. तिला मी कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगितली. जन्म १८६६, आपल्या नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षेत त्या अव्वल आल्या, पण अव्वल येणाऱ्याला विलायतेला जायची जी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची ती त्यांना नाकारली गेली, बाई म्हणून. मग विलायतेतल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला सॉमरव्हिल इथे दाखल झाल्या. तिथे कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसायला खास परवानगी काढावी लागली. १८९२ मध्ये त्या परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदव्याच देत नव्हतं. मधल्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. केली (१८९७) आणि अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली (१८९९). तरी सनद नाही. स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. तोवर बाई छप्पन्न वर्षांच्या झाल्या होत्या.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तीन परीक्षा पास होऊन?"

"तीन परीक्षा पास होऊन."

हे तिला धीर द्यायला सांगितलं की घाबरवायला, हे माझं मलाच कळलं नाही. म्हणून लगेच दुसरी गोष्ट जोडली. पेरींच्या नावाच्या अध्यासनातून उभ्या राहिलेल्या त्याच विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले. शाळेत ज्यांना इतरांपासून वेगळं बसवलं गेलं, त्यांनी पुढे कायद्याच्या शिक्षणाची ती खुर्ची भूषवली. उंबरठे पक्के दिसतात, पण ते झिजतात. मात्र कुणीतरी पाय ठेवल्याशिवाय झिजत नाहीत.

आमच्या तरुणपणी, म्हणजे १९७० च्या सुमारास, लॉला प्रवेश ही मोठी गोष्ट नव्हती. बी.ए. व्हायचं, अर्ज भरायचा, फी भरायची. कितीतरी कारकून आणि मास्तर नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात लॉ करत. प्रवेश सोपा आणि धंद्यात टिकणं अवघड. चित्र पालटलं ते १९८७ पासून. बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल स्थापन झालं, प्रा. माधव मेनन त्याचे संस्थापक. बारावीनंतर सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा. पुढे इतर राज्यांतही तशी विद्यापीठं निघाली आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी. मुलांनी पाच-सहा ठिकाणी अर्ज भरायचे, प्रत्येक ठिकाणची फी भरायची, रेल्वेने हिंडायचं, आणि दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या की कपाळाला हात लावायचा. २००६ मध्ये एका विद्यार्थ्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून सात विद्यापीठं एकत्र आली आणि २००८ मध्ये पहिली क्लॅट झाली. म्हणजे ही परीक्षासुद्धा एका परीक्षार्थीनेच दार ठोठावल्यामुळे जन्माला आली. आता आपल्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रवेशही याच परीक्षेतून होतो.

हेलपाटे वाचले, पण भाषेचा उंबरठा तसाच राहिला. २०१० मध्ये प्रा. शमनाद बशीर यांनी 'इडिया' नावाचा उपक्रम सुरू केला. गरीब घरांतली, खेड्यांतली मुलं शोधायची, त्यांच्याकडून तयारी करून घ्यायची आणि त्यांना या विद्यापीठांत पोचवायचं. बशीर २०१९ मध्ये अकाली गेले, पण काम चालू राहिलं. २०२३ मध्ये क्लॅट भारतीय भाषांतून घ्यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. आपल्या राज्याची कायद्याची सीईटी २०१६ पासून सुरू झाली. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

शिवाय खालच्या कोर्टांची भाषा आपल्याकडे मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेपासून. तालुक्याच्या कोर्टात उलटतपासणी मराठीत चालते. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत. म्हणजे भांडण मराठीत, साक्ष मराठीत आणि अपील इंग्रजीत. त्यामुळे वकिलाला इंग्रजी नको असं मी म्हणणार नाही. तिला ती लागेलच. माझा प्रश्न एवढाच आहे की ती उंबरठ्यावरच मागायची, की आत घेऊन शिकवायची?

आता खरी गोष्ट सांगतो.

ऑगस्टातली एक संध्याकाळ. अज्ञान व्यक्तीने केलेल्या कराराबद्दलचा उतारा होता. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहरीबीबीच्या खटल्यापासूनचं तत्त्व. तिने दोनदा वाचला. शब्द अडले, कोश उघडला. मग पुस्तक मिटून मराठीत म्हणाली, "म्हणजे माझ्या मामेभावाने सतराव्या वर्षी हप्त्यावर मोबाइल घेतला आणि हप्ते थकवले, तर दुकानदाराला त्या कागदावर पैसे मागता येणार नाहीत. पण मोबाइल त्याच्याकडेच असेल तर? तो तरी परत द्यायला नको का?" मी उडालोच. पुढचा प्रश्न जवळपास हाच होता. त्या उताऱ्यावरचे सहाही प्रश्न तिचे बरोबर आले.

घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं लागली होती. द्यायला हवी होती सहा.

तिच्या वडलांना ती पहिलीत जायच्या वेळी मीच सांगितलं होतं, "इंग्रजी शाळेच्या नादी लागू नकोस, मुलगी आपल्या भाषेत विचार करायला शिकू दे." तिने त्या संध्याकाळी सरळ विचारलं, "आजोबा, मी मराठी माध्यमात शिकले हे चुकलं का?"

मी लगेच बोललो नाही. सहा प्रश्न बरोबर आले ते मराठीमुळे, असं मला आजही वाटतं. करार म्हणजे काय हे तिला मामेभावाच्या मोबाइलवरून कळलं, पाठांतरातून नव्हे. पण अकरा मिनिटं जास्त लागली त्याचा दोष मराठीवर टाकता येणार नाही. तो आम्हा मास्तरांचा आहे. आमच्या शाळेत इंग्रजी हा पाठ करून पास व्हायचा विषय होता. व्याकरणाची कोष्टकं घोटून घेतली, पण मुलांच्या हातात कधी इंग्रजी वर्तमानपत्र दिलं नाही. मातृभाषेचा अभिमान बाळगला आणि दुसरी भाषा नीट शिकवायची जबाबदारी टाळली. मी इंग्रजीचा मास्तर नव्हतो, हे खरं. पण शिक्षकखोलीत मीही होतो.

हे सगळं तिला सांगितलं. म्हटलं, "तुझं चुकलं नाही. आमचं राहून गेलं."

तिने मान डोलावली आणि दुसरा उतारा काढला.

आता आमचा नेम ठरला आहे. रोज संध्याकाळी सात वाजता ती येते. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा, आधी मराठीत चार वाक्यांत सांगायचा, मग तेच इंग्रजीत. सतरा मिनिटांवरून आम्ही अकरावर आलो आहोत. परीक्षा डिसेंबरात आहे. क्लॅटचा अर्ज भरायचा तर चार हजार रुपये लागतात. वडलांनी ओव्हरटाइम करून भरले. सीईटीचाही अर्ज भरायचा ठरलंय, ती प्रश्नपत्रिका ती मराठीतून सोडवणार. अधिवासाचा दाखला काढायला तहसील कचेरीत दोन खेपा झाल्या, तिसरी सोमवारी. राष्ट्रीय विद्यापीठ मिळालं तर फीचं काय, हा प्रश्न आहेच. सीईटीतून जवळचं लॉ कॉलेज मिळालं तरी ती वकील होणार, याबद्दल मला शंका नाही.

असो. सात वाजत आले. जिना चढल्याचा आवाज येतोय, आणि मी अजून आजचा अग्रलेख वाचलेला नाही.