विकणाराच म्हणतो, कमी घ्या

मागल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका जिजीने साधाच प्रश्न विचारला आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. ती म्हणाली, "दूधवाला कधी म्हणतो का, दूध कमी घ्या? किराणावाला म्हणतो का, साखर कमी न्या? मग ही वीज विकणारी कंपनीच कशी म्हणते, वीज कमी जाळा, बिल कमी करा? त्यात तिचा काय फायदा?"

उत्तरासाठी आम्हाला बरेच मागे जावे लागले.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झाले. आपल्या भागात भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र उभे राहिले. कोळशाचा धूर आपल्या उशाशी, राख आपल्या अंगणात, पण वीज आधी गेली ती कारखान्यांना आणि विहिरींवरच्या मोटारींना. रावेर-यावलच्या केळीला पाणी मिळाले, ते चांगलेच झाले. घरात मात्र चिमणी आणि कंदील पुष्कळ वर्षे राहिले. रॉकेलच्या रांगेत कोण उभे असायचे, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि कागदावरची गंमत ऐका. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती, की गावाच्या शिवारात कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, तर ते गाव विद्युतीकरण झालेले धरायचे. म्हणजे एका बागेत एक मोटार फिरली की गाव उजळले! पुढे २००४ मध्ये व्याख्या बदलली. गावातल्या शंभरातल्या निदान दहा घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी, असे ठरले. शंभरात दहा. उरलेल्या नव्वद घरांतल्या चुली कुठल्या उजेडात पेटत होत्या, ते त्या व्याख्येत नव्हते. गरीब घरांसाठी १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजना होती. एका घराला एक दिवा, एवढीच तिची झेप. पण ज्या घरात तो एक दिवा आला, तिथल्या सासवा अजून त्या दिवसाची गोष्ट सांगतात.

आता जिजीच्या प्रश्नाकडे येऊ. वीज साठवून ठेवणे फार महागात पडते. ज्या क्षणाला लागते, त्याच क्षणाला ती तयार करावी लागते. दुपारी गाव शेतात असते. सूर्य मावळला की सगळीकडे एकदम दिवे लागतात, टीव्ही लागतो, पंखा फिरतो, शहरात दुकाने झगमगतात. त्या तीन-चार तासांसाठी मंडळाला सगळ्यात महाग वीज विकत घ्यावी लागते, नाहीतर तारा बंद कराव्या लागतात. २००० नंतरच्या दशकात मंडळाने तारा बंद केल्या. भारनियमन हा शब्द आपल्या तोंडात तेव्हा बसला. खेड्यात दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. संध्याकाळी भाकरी थापायच्या वेळी नेमका अंधार, आणि पोरांचा अभ्यासही त्याच वेळी.

६ जून २००५ ला मंडळाचे तुकडे झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचवणारी महावितरण. बिल येते ते महावितरणचे. तिच्यापुढे हिशेब सरळ होता. संध्याकाळी एक युनिट महागात विकत घेऊन घरगुती दरात द्यायचे, तर तोटा. तेच युनिट कोणी वापरलेच नाही, तर तोटाही नाही. जिजी, हा घे तुझा जबाब. न जळालेले युनिट कंपनीला स्वस्त पडते.

अक्षय प्रकाश योजना तुमच्यातल्या कितीतरी जणींना आठवत असेल. गावाने एकजुटीने ठरवायचे, की संध्याकाळच्या ठरलेल्या तासांत मोटारी, हिटर, शेगडी असे जड काही लावायचे नाही, फक्त दिवे, पंखा, टीव्ही. गावाने शब्द पाळला, तर त्या तासांत वीज जाणार नाही. अनेक गावांनी तो पाळला. कोणी चोरून मोटार लावली, तर गावच त्याला विचारायचे. आमच्या मते वीज कंपनीच्या सगळ्या योजनांत हीच सगळ्यात शहाणी होती, कारण तिच्यात विकत घ्यायचे काहीच नव्हते. एक खोट मात्र होती. संध्याकाळी पिठाची गिरणीही बंद. मजुरीहून आलेल्या बाईने दळण कधी न्यायचे? पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या तारा वेगळ्या करायचे काम झाले, आणि असा शब्द देण्याची गरज कमी होत गेली.

मग दिव्यांच्या योजना आल्या. २००५ च्या सुमारास महावितरणने शेजारच्या नाशिकमध्ये सीएफएल दिव्यांचा प्रयोग केला. दिवा आज घ्या, पैसे हप्त्याने वीजबिलात भरा. २००९ मध्ये केंद्राची बचत लँप योजना आली. जुना पिवळा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल न्या. उरलेली किंमत परदेशातल्या कार्बन बाजारातून निघणार होती. त्या बाजाराचे भाव पडले आणि योजनेची हवा गेली. परदेशात बसलेल्या कोणाच्या खिशावर आपल्या ओसरीतला दिवा टांगला, की असे व्हायचेच.

खरा फरक पडला तो ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेने. सरकारी कंपनीने देशभरासाठी एलईडी दिवे एकगठ्ठा विकत घेतले. जो दिवा २०१४ मध्ये सरकारला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आपण गटाने मिळून बियाणे घेतो तेव्हा दुकानदार भाव सोडतो, तसेच. महाराष्ट्रात दोन कोटींहून जास्त दिवे गेले. बिलाची पावती दाखवायची आणि रोख किंवा हप्त्याने दिवा घ्यायचा.

हिशेब आपणच करून बघू. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास जळला, तर महिन्याला ९ युनिट. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ जळला, तर दीड युनिटही होत नाही. असे दोन बल्ब बदलले, तर महिन्याला १५ युनिट वाचतात. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि त्यापुढच्यांना पुष्कळ चढा दर असतो. ज्या घराचे ११२ युनिट होत होते, ते ९७ वर आले, म्हणजे चढ्या दराची बारा युनिट पूर्ण गेली. बिलावर "स्थिर आकार" म्हणून एक ओळ असते. ती मात्र एक युनिटही न जाळता भरावी लागते. त्या ओळीला कुठलाच बल्ब हात लावू शकत नाही.

हे आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिकेत तेलाच्या टंचाईनंतर १९७८ मध्ये कायदा झाला, की वीज आणि गॅस पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ग्राहकाच्या घराची तपासणी करून बचत कुठे होईल ते सांगायचे. ब्रिटनमध्ये १९९४ पासून कंपन्यांवर असे बंधन आहे. तिथे थंडी फार, म्हणून भिंती आणि छपरे ऊबदार करून देतात. विकणाऱ्याला आपखुशीने हे सुचत नाही, कोणीतरी सांगावे लागते.

आताची योजना छपरावरची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान. १ किलोवॅट संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. २०२५ मध्ये राज्याने भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला १ किलोवॅटसाठी आणखी १७,५०० रुपये, म्हणजे घरातून साधारण अडीच हजार भरायचे. ऊन तर आपल्याकडे किती! धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला, तो याच उन्हावर.

मग घोडे कुठे अडते? आम्ही बैठकीत अर्जाचे कागद वाचले. वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. छप्पर हक्काचे हवे. संचाला १ किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट जागा हवी. आपल्यातल्या किती जणींची घरे धाब्याची आहेत, पावसाळ्याआधी माती टाकून दाबावी लागणारी? त्यावर लोखंडी सांगाडा कसा बसेल, हे कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

मग आम्ही म्हटले, जिच्या नावावर मीटर आहे तिने हात वर करा. हात दोन वर आले. दोघीही विधवा. बाकी बिले नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावावर, आणि जिजीच्या घरचे तर आजेसासऱ्याच्या. त्यांना जाऊन तीस वर्षे झाली, बिल अजून त्यांनाच येते. पंधरा वर्षांपूर्वी आम्हाला याचे काही वाटले नसते. बल्ब घ्यायला कोणाचीही पावती चालून गेली. छपरावरच्या संचाला ती चालत नाही.

नाव बदलायला फार काही लागत नाही. थकबाकी भरलेली हवी, मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, आणि बाकी वारसांची संमती. शेवटचे कागद तेवढे जड. जिजीचे दोन दीर सुरतेला असतात. ते दिवाळीला येतील तेव्हा सह्या घ्यायच्या, असे ठरले आहे. तोवर ती उतारा काढून ठेवते आहे. पुढच्या मंगळवारी आम्ही चौघी तिच्याबरोबर तहसीलला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी घरचे शेवटचे वीजबिल सोबत आणावे.