मिरवणुकीचा मार्ग

नगररचना हा शब्द कानी पडताच सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे नकाशावरील एक तांबडी रेघ उभी राहते. ती रेघ आपल्या घरावरून जाते की शेजाऱ्याच्या, एवढीच विवंचना त्यास असते, आणि ती स्वाभाविकही आहे. रेघ कोणी आखली, आणि आखण्यापूर्वी तेथे राहणारांस कोणी विचारले होते काय, हे प्रश्न मागाहून सुचतात. या प्रश्नांच्या उत्तरासाठी मुंबई व इंदूर या दोन शहरांचा पूर्वेतिहास शेजारी-शेजारी ठेवून पाहावा, असे आम्हांस वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, खास कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावे, त्यांवाटे पश्चिमेकडील समुद्राचा वारा आत खेळवावा, वाहतुकीची कोंडी फोडावी आणि रोगाचे माहेरच नाहीसे करावे, असा त्याचा संकल्प होता. आज शामळदास गांधी मार्ग म्हणून ओळखला जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग हे नाव धारण करणारा सँडहर्स्ट रोड ही त्याच संकल्पाची फळे होत. हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. तथापि जागेचा मोबदला मिळे तो मालकास; भाडेकरूच्या वाट्यास केवळ बिऱ्हाड हलविणे येई. पोटाचा धंदा जवळपासच असल्यामुळे तो दूर जाऊ शकत नसे; शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राही. एका गल्लीतील गर्दी मोडावी, तो ती दुसरीत उभी राही! ट्रस्टच्या मंडळात महापालिकेने निवडलेले सभासद थोडे होते, आणि गरीब भाडेकरूस तर त्या काळी महापालिकेच्या निवडणुकीत मतच नव्हते. ज्याच्या डोक्यावरील छप्पर जावयाचे, त्याचे म्हणणे ऐकण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. हा ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला.

आता इंदूरकडे वळू. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, स्कॉटलंडचे रहिवासी. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, आणि पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले अध्यापक झाले. जुनी वस्ती सरसकट पाडण्यास त्यांचा सक्त विरोध असे. कुशल शस्त्रवैद्य रोग्याचा देह शक्य तितका राखून शस्त्र चालवितो, तसे नगररचनाकाराने वागावे. येथे एक पडके घर काढावे, तेथे एक मोकळी जागा राखावी, विहीर साफ करावी, आणि वस्ती जिवंत ठेवावी, हे त्यांचे तत्त्व. त्यासाठी आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, असा त्यांचा आग्रह होता.

होळकर दरबारच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले, तेव्हा तेथेही प्लेगची दहशत होती. नकाशे घेऊन हिंडणारा हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, असे लोक आपसांत कुजबुजत. गेडिस यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी की, त्यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मोठी मिरवणूक काढण्याचे जाहीर केले. मिरवणुकीचा मार्ग मात्र नेहमीचा नव्हे. ज्या मार्गावरील घरांची अधिकांत अधिक साफसफाई व डागडुजी झालेली असेल, त्यानेच ती जाईल! मग काय विचारता? गल्लोगल्ली झाडू फिरले, भिंतींना चुना लागला, कचऱ्याच्या गाड्या भरभरून गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत झाडूवाले स्वच्छ पांढरी वस्त्रे लेवून चालले, आणि शेवटी अस्वच्छतेच्या राक्षसाचा पुतळा जाळण्यात आला. सांगणाराने कथेस थोडा रंग चढविला असेल. परंतु तिचे मर्म ढळत नाही. येथे मार्ग आखला तो रहिवाशांनी, आपल्या हातांनी.

असे असले तरी इंदूरची केवळ स्तुती करून आम्ही थांबू इच्छित नाही. तो अधिकार एका दिवसाचा होता, आणि तो राजाच्या कृपेने मिळालेला होता. पुढचा साहेब मुंबईच्या ट्रस्टसारखा निघाला असता, तर इंदूरकरांनी दाद कोठे मागावयाची? हक्क कायद्यातच लिहिलेला हवा. तो आज महाराष्ट्रात आहे: १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे.

मात्र लिहिलेला हक्क ओळखीची जागा भरून काढीत नाही. २०१५ साली मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा बाहेर पडला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले आणि जुन्या वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या आढळल्या. हजारो हरकती आल्या, आणि सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. सुधारलेला आराखडा मंजूर होण्यास २०१८ उजाडले. यांपैकी कित्येक चुका त्या त्या गल्लीतील दुकानदारानेही बोट दाखवून सांगितल्या असत्या. हरकतींच्या हक्कामुळे मुंबईकर बचावले, हे खरे; परंतु रेघ आखणारा आधी त्या गल्लीतून चालून गेला असता, तर बचावण्याची वेळच आली नसती. आपल्या गावच्या पालिकेची सूचना वृत्तपत्रात वाचताना वाचकांनी हरकत अवश्य लिहावी. आणि लिहिताना, हा रस्ता आखणारे येथे कधी आले होते, हेही विचारावे.