गेममधली राणी आणि बियाण्याचा टॅग

परवा हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. जपानी कार्टूनच्या शैलीतली तलवारधारी तरुणी. "ताई, ही आपली झाशीची राणी आहे म्हणे. खरंच अशी होती का?"

चित्र 'फेट/ग्रँड ऑर्डर' या गेममधलं होतं. २०१५ साली जपानमध्ये सुरू झालेला हा मोबाइलवरचा रोल-प्लेइंग गेम. इतिहासातली आणि पुराणातली माणसं त्यात खेळणाऱ्याच्या बाजूने लढायला येतात. लक्ष्मीबाई त्यात 'सेबर', म्हणजे तलवारवाल्यांच्या गटात आहे. शिवाय तिच्या पात्रात अलक्ष्मीही मिसळली आहे. अलक्ष्मी म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, दुर्दैवाची देवता.

"छे, अशी नव्हती!" हे उत्तर तोंडावर आलं होतं. पण मग कशी होती? आणि ते मला कुठून माहीत? तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल, तर हा दुसरा प्रश्न तुमच्याच कामाचा आहे.

परभणीत कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे इथल्या माणसाला बियाण्याच्या पिढ्या नव्याने सांगाव्या लागत नाहीत. पैदासकार बियाण्याला पिवळा टॅग, त्यापासून केलेल्या पायाभूत बियाण्याला पांढरा आणि त्यापासूनच्या प्रमाणित बियाण्याला निळा. पिढी पुढे सरकली की भेसळीची शक्यता वाढते, म्हणून टॅग. माहितीलाही अशाच पिढ्या असतात. फरक इतकाच की तिथे टॅग आपल्याला लावावा लागतो.

आता राणीच्या वयापासून सुरुवात करू. तिच्या जन्माची दोन वर्षं सांगितली जातात, १८२८ आणि १८३५. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढाईत पडली, तेव्हा एका हिशोबाने ती २९ वर्षांची होती आणि दुसऱ्याने २२. मृत्यूची तारीखसुद्धा कुठे १७ जून मिळते, कुठे १८.

मग काय करायचं? आधीच्या पिढीकडे जायचं. डलहौसीने दत्तकविधान नाकारून झाशी खालसा केली, ती १८५४ मध्ये. त्या वर्षी राणीने जॉन लँग नावाच्या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. त्याचं पुस्तक १८५९ साली निघालं. त्यात राणीचं वय २६-२७ दिलंय. १८२८ हे वर्ष त्याच्या जवळ जातं. १८३५ धरलं तर १८५४ मध्ये ती जेमतेम १८-१९ ची ठरते.

झालं, प्रश्न सुटला? थांबा. हे वय लँगने स्वतः पाहून ठरवलेलं नाही. राणीच्या वकिलाने त्याला तसं सांगितलं होतं. राणी तर पडद्याआड बसली होती. लहानग्या दामोदररावाने पडदा क्षणभर बाजूला केला, तेवढ्यात लँगला ती दिसली. साधी पांढरी मलमल नेसलेली, कानात सोन्याची कुडी, बाकी दागिना नाही. आवाज मात्र त्याला मुळीच गोड वाटला नाही. म्हणजे एकाच पुस्तकात कपडे पहिल्या पिढीचे आणि वय दुसऱ्या पिढीचं! टॅग पुस्तकाला लावून भागत नाही, प्रत्येक विधानाला वेगळा लावावा लागतो.

दुसरा साक्षीदार आपला मराठी आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची ओढगस्त होती, म्हणून १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. १८५८ च्या मार्चमध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा भेटली. थकलेली, तहानलेली. ते पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तिने स्वतःच काढलं. आपण तर विधवा, पोटाला पसाभर तांदूळ पुरला असता, तरी हे सगळं ओढवून घेतलं, अशा अर्थाचं काहीसं ती बोलली. ही राणी मला कुठल्याच पुतळ्यात दिसलेली नाही.

पण इथेही टॅग बघा. गोडसे यांनी 'माझा प्रवास' लिहिला तो साधारण पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये तो छापला, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मोडीतलं मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. मधली जवळजवळ साठ वर्षं ज्यांनी गोडसे यांचं वाक्य म्हणून उद्धृत केलं, त्यांतल्या काहींनी वैद्यांचं वाक्य उद्धृत केलं असणार. तेही अगदी प्रामाणिकपणे.

हे मी ऐटीत सांगत नाही. माझ्या पहिल्या संदर्भ-आढाव्यात मी उत्पादनाचा एक आकडा दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलला होता. गाईडनी मूळ पेपर आणायला सांगितला. मूळ आकडा एकरी होता आणि मी हेक्टरी म्हणून लिहिला होता. मधल्या कुणीतरी एकक बदललं, आकडा तसाच ठेवला. दोन परिच्छेद खोडावे लागले. आणि ते तेव्हाच खोडले म्हणून बरं, कारण पुढचं सगळं गणित त्यावरच उभं राहणार होतं.

मग गेममधली राणी खोटी म्हणून सोडून द्यायची का? मला नाही वाटत. तिला वेगवेगळं करून बघा. तलवार आणि लढाई मुळापर्यंत जाते. अलक्ष्मी मात्र लँगकडे नाही, गोडसे यांच्याकडेही नाही. ती गेम रचणाऱ्यांची भर आहे, आणि गेमला ती मुभा आहे. आपल्या प्रबंधाला नाही.

ज्युनिअरला मी शेवटी एवढंच म्हटलं, "चेहरा माहीत नाही रे. कपडे थोडेफार माहीत आहेत, विहिरीवरचं पाणी माहीत आहे. वयाचं भांडण अजून चालू आहे." तो म्हणाला, "म्हणजे 'माहीत नाही' असं लिहिलं तर चालतं?"

चालतं. कुठपर्यंत शोधलं ते सोबत लिहिलं, तर नक्की चालतं. आता तुमच्या विषयातलं एक वाक्य घ्या, जे सगळेच लिहितात असं. आज रात्री त्याच्या तीन पिढ्या मागे जाऊन या.