प्रयोगशाळेपासून दंडापर्यंत

हुबळीच्या मध्यवस्तीतील लॅमिंग्टन रोडला ज्यांचे नाव आहे, ते लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. हुबळी-धारवाडचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याचा कारभार मुंबईहूनच चालला. मुंबईतील याच नावाचा रस्ता आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे. हुबळीत मात्र जुने नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. ते ऐकले की आम्हांला गव्हर्नरांपेक्षा त्यांच्या कारकिर्दीची वर्षे आठवतात. देशात प्लेगने थैमान घातले होते. ज्या लशीची सर्वांत मोठी परीक्षा याच हुबळी शहरात झाली होती, ती लस संशयाच्या छायेत सापडली होती. आणि ती शोधणारा शास्त्रज्ञ आपली निर्दोषता सिद्ध होण्याची वाट पाहत होता.

शोध लागला म्हणजे रोग्याला उपचार मिळाला, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात या दोहोंमध्ये एक लांबलचक, खाचखळग्यांची वाट असते. त्या वाटेचा इतिहास क्वचितच लिहिला जातो, कारण तिच्यावर चालणारी माणसे बहुधा अनाम असतात. हुबळीच्या 1898 सालच्या हकिकतीत ही वाट फार स्पष्ट दिसते, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून ते पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम आरंभले. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायचे, मग उष्णता देऊन ते मारायचे आणि त्यांत थोडे कार्बॉलिक आम्ल मिसळायचे, अशी ही रीत होती. जंतूंची वाढ भरघोस व्हावी म्हणून रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडीत. त्यांना धरून जंतूंची लोंबती जाळी खाली उतरे. गोमांसाच्या रसाला येथे कोणी हात लावू देणार नाही हे ओळखून बोकडाचे मांस वापरले गेले. ही बाब बारीक दिसते. पण आपली लस ज्याच्या शरीरात जायची आहे त्या माणसाचा विचार प्रयोगशाळेतच सुरू झाला होता, हे तिच्यावरून कळते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला व 6 दगावले; टोचलेल्यांत 2 जणांना लागण झाली, मृत्यू एकही झाला नाही. पुढे फेब्रुवारी 1898 मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा या गावी अधिक काटेकोर तुलना झाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. टोचलेल्या 71 जणांत 8 आजारी पडले व 3 मरण पावले. न टोचलेल्या 64 जणांत 27 आजारी पडले आणि त्यांतील 26 गेले. एकाच छपराखाली राहणारी, एकच अन्न खाणारी ही माणसे होती. लशीच्या गुणाचा याहून बोलका पुरावा त्या काळी मिळणे कठीण होते.

परंतु तुरुंग आणि लहान खेडे म्हणजे शहर नव्हे. ज्या शहराला व्यापार आहे, रेल्वे आहे, अनेक भाषा आणि जाती आहेत, तेथे काय होईल? सरकारी प्लेग-व्यवस्थेची दुसरी बाजू पुण्याने पाहिली होती. मार्च 1897 पासून तेथे रँड यांच्या समितीने सोल्जर लावून घरझडत्या घेतल्या. माजघरापर्यंत बूट गेले. रोग्याला घरच्यांपासून तोडून नेणे हाच उपचार मानला गेला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. रोगाशी लढण्याच्या दोन रीती एकाच शहरात, एकाच ऋतूत दिसल्या. एका रीतीला रोगी संशयित वाटे, दुसरीला आपला माणूस.

या पार्श्वभूमीवर 1898 च्या उन्हाळ्यात प्लेग हुबळीत भडकला. हुबळी हे कापसाच्या व्यापाराचे गाव. सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना येथे, कापडगिरणी येथे. 1901 च्या खानेसुमारीत शहराची वस्ती 60,214 भरली. अशा गावातून माणसे हलवून रानात झोपड्यांत ठेवणे कोरड्या दिवसांत एकवेळ जमते. पावसाळा तोंडावर आला की हजारो कुटुंबांना उघड्यावर काढणे म्हणजे एका रोगातून सोडवून दुसऱ्याच्या हाती देणे. येथे सर्जन-कॅप्टन ल्यूमन या लष्करी डॉक्टरने लशीवर भर दिला. मे ते सप्टेंबर 1898 या अवघ्या पाच महिन्यांत हुबळीतील सुमारे 38 हजार लोकांना लस टोचण्यात आली, आणि त्यांतील बहुतेकांना दोनदा. एवढ्या मोठ्या वस्तीच्या शहराने जवळजवळ सबंधच लस घेतल्याचे उदाहरण त्यापूर्वी हिंदुस्थानात नव्हते.

हा आकडा क्षणभर बाजूला ठेवून त्यामागचे काम डोळ्यांपुढे आणावे. लस टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवस हात उचलवत नसे. ज्याचे पोट रोजंदारीवर, त्याला ती दोन दिवसांची मजुरी बुडवणे होते. पुन्हा काही दिवसांनी तेच दुसऱ्यांदा. बायकांनी परक्या पुरुष डॉक्टरपुढे दंड उघडा करायचा. प्रत्येकाचे नाव, वय, टोचल्याची तारीख लिहायची, दाखला द्यायचा, आणि पुढे तो माणूस आजारी पडला तर त्याची नोंद त्या नावाशी जुळवायची. प्रयोगशाळेतून बाटली निघते तेव्हा यांतले काहीच झालेले नसते. हे काम कारकुनांनी, हॉस्पिटल असिस्टंटांनी, पेठांतील वजनदार माणसांनी आणि टोचून घेणाऱ्या घराघरांनी केले. मुंबईत खोजा समाजासाठी आगाखान यांनी सर्वांदेखत स्वतः लस घेतली होती. आपल्यातल्या कोणी आधी हात पुढे केला की मागच्यांचा हात निघतो, हा धडा तेथे मिळाला होता.

ही हकिकत सांगताना एक गोष्ट दडवू नये. लस घेतलेल्याला दाखल्यामुळे विलगीकरणातून आणि प्रवासाच्या जाचातून सूट मिळे. तेव्हा हुबळीकरांचा होकार पूर्णपणे मोकळा होता असे म्हणता येत नाही. त्यात भीतीचा आणि सोयीचाही वाटा होता. तरीही पुण्याशी तुलना केली असता फरक मोठा आहे. येथे घरात शिरणारी बळजोरी मागे पडली आणि घराबाहेर येणारी संमती, ती कितीही दबलेली असो, पुढे आली.

हुबळीच्या आकड्यांची पुढे कसून तपासणी झाली. प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली 1898-99 मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने लशीसंबंधीच्या सगळ्या आकडेवारीत उणिवा दाखवल्या. आक्षेप रास्तच होते. साथीत माणसे गाव सोडून जातात, परततात. मग न टोचलेले उरले किती, हे निश्चित कसे सांगावे? जो साथ ओसरताना लस घेतो, तो आधीच्या कठीण आठवड्यांतून लशीविनाच वाचलेला असतो. त्याचे वाचणे लशीच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. इतकी छाननी करूनही आयोगाने निष्कर्ष काढला तो असा की, लशीमुळे रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण निश्चित घटते, मात्र संरक्षण पूर्ण नसते. आमच्या मते हुबळीची खरी देणगी येथे आहे. शहराने नुसती लस घेतली नाही. वाद घालता येईल अशी नोंद मागे ठेवली. नोंदच नसती तर वादही झाला नसता आणि पुढच्या डॉक्टरला काही शिकताही आले नसते.

विश्वास कमवायला पाच महिने लागले, तो गमवायला एक बाटली पुरली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांतील 19 जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. ते सगळे धनुर्वाताने मेले. चौकशीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. दोष शोधात नव्हता, शोध रोग्याच्या दंडापर्यंत नेणाऱ्या शेवटच्या क्षणात होता. जुलै 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून अन्यायाकडे लक्ष वेधले, तेव्हा कोठे हाफकिन यांच्यावरील किटाळ दूर झाले. लॅमिंग्टन यांची गव्हर्नरकी त्याच वर्षी संपली. हाफकिन यांनी पुढे कलकत्त्यात काम केले आणि 1930 साली लोझान येथे ते वारले. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले. तोवर तेथून या लशीच्या 2 कोटी 60 लाखांहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या.

आणखी एक विलंब येथे नोंदवला पाहिजे. उंदरावरील पिसवा प्लेग पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी 1898 मध्येच, म्हणजे हुबळीत लस टोचली जात असतानाच, कराचीत प्रयोगाने दाखवले होते. त्यावर बहुतेकांचा विश्वास बसला नाही. 1905 नंतर परळच्याच प्रयोगशाळेत झालेल्या विस्तृत संशोधनाने ते सिद्ध केले, तेव्हा ते ग्राह्य ठरले. मधल्या सात-आठ वर्षांत घरे धुतली गेली, कपडे जाळले गेले, माणसे कोंडली गेली. पिसू मात्र मोकळी होती.

ही जुनी गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर ती आम्ही कदाचित लिहिली नसती. पण हुबळीपासून सुमारे 100 किलोमीटरवर, बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत, शंभर वर्षांनी तिचा पुढचा अध्याय घडला. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे बाळंतिणीच्या मृत्यूचे मोठे कारण. त्यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारे शिक्षित हात लागतात. खेड्यातील घरात दोन्ही नसत. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या हवेत टिकते आणि तोंडाने घेता येते. ती खरोखर उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांसह सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत चाचणी घेतली. 1620 स्त्रियांनी भाग घेतला. निम्म्या स्त्रियांना औषधाची गोळी मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. कोणती कोणाला, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

आणि देणारे कोण? मोठ्या इस्पितळांतील तज्ज्ञ नव्हेत, तर खेड्यात जिला नर्सबाई म्हणतात ती परिचारिका-सुईण. बाळंतिणीखाली खुणांची प्लास्टिकची पिशवी लावून वाहिलेले रक्त तिने मोजले आणि लिहून ठेवले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण औषधविरहित गोळीच्या गटात 12 टक्के होते, ते औषधाने 6.4 टक्क्यांवर आले; तीव्र रक्तस्राव 1.2 वरून 0.2 टक्क्यांवर. 2006 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. जेथे ऑक्सिटोसिन मिळत नाही, तेथे ती आज जगभर दिली जाते.

हुबळी आणि बेळगाव यांच्यामध्ये एक शतक गेले. या शतकात संमतीचा अर्थ बदलला. दाखल्याच्या दबावाची जागा समजावून विचारण्याने घेतली. मोजण्याची रीत सुधारली. उंढेऱ्यात जे अंदाजाने केले ते बेळगावात नेमाने झाले. प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेवर मिळाली तर रोगी वाचतो. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. उपचाराचा शेवटचा टप्पा आजही कोणा एका माणसाच्या हातांनी दुसऱ्या माणसापर्यंत पोचतो. तो हात स्वच्छ असावा लागतो, त्याने खरे लिहावे लागते, आणि समोरच्याने तो आपला मानावा लागतो. मलकवालला पहिली गोष्ट चुकली, पुण्याला तिसरी चुकली. हुबळीत तिन्ही गोष्टी पुरेशा प्रमाणात जुळल्या, आणि म्हणून हजारो घरांत त्या वर्षी दिवा लागला.

रस्त्यांना गव्हर्नरांची नावे मिळतात, ती राहोत. आमचे मागणे एवढेच आहे की लॅमिंग्टन रोडवरून जाताना, 1898 च्या पावसाळ्यात सुजलेला दंड सांभाळीत घरी परतलेल्या त्या 38 हजारांचीही कोणी आठवण ठेवावी. आपल्या दंडावरची प्रत्येक टोचणी त्यांच्या ऋणात आहे.