काळी दोनचं कूळ

वरात निघायला अवकाश होता. उदगीरहून आलेल्या बँडचा टेम्पो मेहकरच्या वेशीपाशी उभा होता आणि वादक पत्र्याच्या सावलीत चहा पीत बसले होते. मेहकर म्हणजे बुलढाण्याचं नव्हे. हे आमचं बिदर जिल्ह्यातलं, भालकी तालुक्यातलं, जिथं दुकानावरची पाटी कानडीत आणि गल्ल्यावरचा हिशोब मराठीत. एका वादकानं टेम्पोतून आल्टो सॅक्सोफोन काढून गळ्यात अडकवला. मग सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात साडेतीन इंचांची एक काळी चोच होती. ती त्यानं बाज्याच्या मानेवर पिळून बसवली. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "बाजा मालकाचा असतो सर, तोंड आपलं आपलं."

त्या काळ्या तुकड्याला सगळे माउथपीस म्हणतात. फ्रेंच लोक मात्र त्याला 'बेक' म्हणतात, म्हणजे चोचच. चोच आणि बाजा ही दोन वेगळी कुळं आहेत, ती एका माणसाच्या कारखान्यात एकत्र आली आणि पुढं त्यांच्या वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. कुठला सॅक्स घ्यावा, किती पैसे घालावेत, असं कुणी विचारलं की मला आधी हीच गोष्ट सांगावीशी वाटते.

त्या माणसाचं नाव आडॉल्फ साक्स. जन्म 1814चा, बेल्जियममधल्या दिनां गावचा. बाप वाद्यं बनवणारा. लहानपणी पोरगं तीन मजल्यांवरून पडलं, टाचणी गिळली, बंदुकीच्या दारूच्या भडक्यात भाजलं, जालीम आम्लही प्यालं, असं सांगतात. आईनं याची आशाच सोडली होती म्हणे. पण ते जगलं आणि 1842 साली पॅरिसला जाऊन पोचलं. त्या काळच्या फौजी बँडमध्ये एक अडचण होती. लाकडी वाद्यं मैदानात ऐकू जात नसत आणि पितळी वाद्यं बाकीच्यांना ऐकू देत नसत. या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. तेव्हा ऑफिक्लाइड नावाचा चाव्या लावलेला एक पितळी भोंगा चालत असे. साक्सनं तसल्या पसरत जाणाऱ्या नळीला क्लॅरोनेटच्या जातीची, एका थरथरणाऱ्या पत्तीची चोच लावली. संगीतकार बर्लिओझनं 1842 सालीच या नव्या आवाजाचं वर्तमानपत्रातून कौतुक केलं. 28 जून 1846 रोजी पेटंट मिळालं, ते एका वाद्याचं नव्हे, लहानमोठ्या अख्ख्या कुटुंबाचं.

इथं आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट पटकन कळते, कारण त्याच्या कानात सनई असते. सनईची नळी वरून खाली पसरत जाते. अशा नळीत फुंक जोरात गेली की स्वर उडी मारतो तो बरोबर एका सप्तकाची. षड्जाचा वरचा षड्ज होतो. क्लॅरोनेटची नळी सरळसोट, म्हणून तिची उडी पडते वरच्या सप्तकातल्या पंचमावर, आणि तिथं बोटांचा हिशोब बदलतो. सॅक्सोफोनची नळी सनईसारखी पसरणारी. त्यामुळं खालच्या आणि वरच्या सप्तकात बोटं जवळपास तीच राहतात. म्हणजे अंगानं हा सनईच्या गोत्रातला आणि तोंडानं क्लॅरोनेटच्या. पितळेचा असूनही पुस्तकात लाकडी वाद्यांच्या पंगतीत बसतो, तो त्या तोंडामुळं.

आल्टोची पट्टी सांगायची तर आमच्याकडं इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. हार्मोनियमवर काळी दोन. आल्टोवाला ज्याला आपला 'सी' म्हणून वाजवतो, तो काळी दोनवर निघतो. टेनर सॅक्सचा काळी पाचवर, बँडमधल्या नेहमीच्या क्लॅरोनेटचाही तिथंच. गायकाला पट्टी विचारून मनातल्या मनात बोटं बदलणारे बँडवाले मी पाहिलेत; त्यांना कुणी गणित शिकवलेलं नसतं.

साक्सचं पुढं काही बरं झालं नाही. 1857मध्ये पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात त्याच्या वाद्याचा वर्ग निघाला, 1870मध्ये बंद पडला. प्रतिस्पर्ध्यांनी कोर्टात खेचलं. 1852, 1873 आणि 1877 असं तीनदा दिवाळं निघालं. मधल्या काळात ओठावर गाठ आली. फुंकायची वाद्यं करणाऱ्याच्या नेमकी ओठावर! त्यातून तो वाचला. 1866मध्ये पेटंटची मुदत संपली आणि ज्याला जमेल तो सॅक्सोफोन करू लागला. साक्स 1894मध्ये वारला. पुढं 1920च्या दशकाअखेर त्याच्या घराण्याचा कारखाना सेल्मर या पॅरिसच्या कंपनीकडं गेला. याच सेल्मरचं 1954 साली निघालेलं 'मार्क सिक्स' आजही जुन्या बाजारात नव्याहून महाग विकलं जातं.

चोचीची कथा याहून मजेची आहे. साक्सची मूळ चोच लाकडी होती आणि तिच्या आतली पोकळी गोल, ऐसपैस. अशा पोकळीतून आवाज निघतो तो मऊ, किंचित झाकलेला, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. मग गंधक घालून कडक केलेलं रबर आलं, एबोनाइट. ते कातायला सोपं आणि ओलाव्यानं न फुगणारं. लाकूड मागं पडलं, पण पोकळी बराच काळ तशीच राहिली. ती बदलली नाचघरांनी. 1930 आणि 40च्या दशकांत अमेरिकेत पंधरा-सोळा वादकांचे बँड झाले, आणि ट्रंपेटांच्या रांगेसमोर सॅक्सवाल्याला आपला आवाज बाहेर काढायचा होता. मग कारागिरांनी चोचीच्या आतलं छत खाली आणलं, पोकळी आवळली, पत्ती आणि टोक यांमधली फट वाढवली. हवा अरुंद वाटेनं जोरात जाऊ लागली, आवाजाला धार आली. काहींनी चोच थेट धातूचीच केली. सिगुर्ड राशरसारखा वादक, ज्याच्यासाठी संगीतकार ग्लाझुनोवनं 1934 साली आल्टोचा कॉन्चेर्टो लिहिला, तो मात्र शेवटपर्यंत साक्सच्या गोल पोकळीचाच आग्रह धरून होता. तेव्हापासून तोंडांची दोन घराणी झाली, ती आजतागायत आहेत.

फरक किती बारीक असतात ते आकड्यांत पाहावं. यामाहाच्या शिकाऊ बाज्याबरोबर येणाऱ्या 4सी चोचीची टोकाची फट सुमारे 1.6 मिलिमीटर. सेल्मरची एस80 सी-स्टार, जिच्यावर पाश्चात्त्य शास्त्रोक्त वादकांच्या पिढ्या वाढल्या, ती सुमारे 1.7. जॅझवाल्यांची लाडकी मेयर 5 सुमारे 1.8. एकेका दशांश मिलिमीटरचा खेळ, पण ओठांना तो पहिल्या फुंकरीत कळतो. फट जास्त तेवढी पत्ती मऊ लागते, स्वर वाकवायला मोकळीक मिळते आणि सूर घसरायचा धोकाही तेवढाच वाढतो. पत्ती होते दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातल्या, वेळूसारख्या दिसणाऱ्या जाड गवताची. आमच्याकडच्या वैशाखात ती दोन गाण्यांत सुकते आणि कडा लाटेसारखी होते. म्हणून बँडवाला गप्पा मारतानाही पत्ती तोंडात ठेवून बसलेला दिसतो. लोकांना वाटतं काडी चघळतोय.

भारतात हा बाजा आला फौजी बँडांबरोबर. मेरठच्या जली कोठीत 1885 साली नादिर अली यांची कंपनी सुरू झाली, आणि देशभरच्या लग्नांतल्या पितळेचं माहेर मेरठ झालं. दुसरी वाट गोव्याची. तिथं चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली पोरं मुंबईच्या हॉटेलांत आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. पण आल्टोचा जो आवाज मराठी माणसाच्या कानात कायमचा बसला, तो मनोहारी सिंग यांचा. 'गाईड' (1965) आणि 'आराधना' (1969) यांतले ते सॅक्सचे तुकडे आठवा. वरातीतला पोरगा आजही तेच वाजवायला जातो आणि बाजा आपला नीट नाही म्हणून हळहळतो. पुष्कळदा बाजा नीटच असतो. त्याच्या तोंडात रस्त्यावर गाडीच्या हॉर्नशी झुंजणारी चोच असते आणि कानात बंद स्टुडिओतला मायक्रोफोन.

तिसरी वाट आमच्याच राज्यातली, पण पार दुसऱ्या टोकाची. दक्षिण कन्नडचे कद्री गोपालनाथ (1949–2019) नागस्वर वाजवणाऱ्या बापाचे पुत्र. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचं मनावर घेतलं. चाव्यांच्या बाज्यावर गमक यायचं कसं? सनईवाला भोक अर्धं झाकून सूर ओढतो. इथं भोकावर झाकण, आणि बोट झाकणावर. वाट उरली ती ओठांची. जबडा सैल-घट्ट करत, चोचीवरच सूर घासत न्यायचा. 1994 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स संगीतमहोत्सवात हे वाजलं. साक्सनं फौजेसाठी केलेला बाजा देवळात जाऊन बसला. आमच्या बिदरकडं मात्र तो अजून वरातीतच आहे.

आता पैशाचं. पितळ कुठलं, मुलामा कसला, यावर दुकानदार अर्धा तास बोलतात. बिदरच्या माणसाला तांबं-जस्ताचं कौतुक शिकवायला नको. आमची बिदरी होते त्याच दोन धातूंची. जस्त भरपूर, तांबं नावापुरतं. बाज्याचं पितळ उलटं, साधारण सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पण सुरईच्या रंगाला धातूचं जेवढं महत्त्व, तेवढं इथं आवाजाला नाही. 15 मे 1953 रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये जॅझवाल्या चार्ली पार्करनं चक्क प्लॅस्टिकचा आल्टो वाजवला, लंडनला होणारा ग्राफ्टन. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ऐकताना प्लॅस्टिक ऐकू येत नाही, पार्कर ऐकू येतो.

मी एकदा घरच्या ओट्यावर पडताळा घेतला. एक जुना देशी आल्टो, शिक्का घासून गेलेला. दुसरा मित्राचा, जपानी, शिकाऊ दर्जाचा, लाखाच्या पुढचा. चोची दोन. वाजवणारा भाचा, ऐकणारे आम्ही दोघं भिंतीकडं तोंड करून. चोच बदलली की दर वेळी कळलं. बाजा बदलला की निम्म्या वेळा चुकलो. मग भाचा म्हणाला, "मामा, आता माझ्या जागी या." वाजवताना गोष्ट वेगळी निघाली. देशी बाज्याचा खालचा सा फुंकून फुंकून निघेना आणि वरचे सूर चढे लागत होते. एकेका झाकणाखाली विडीच्या पानासारखा पातळ कागद घालून ओढला, तर दोन झाकणांखालून तो अलगद सुटून आला. म्हणजे झाकणांखालच्या गाद्या झिजल्या होत्या, हवा गळत होती. सूर नीट लागणं आणि बोटं हलकी चालणं हे बाज्याकडून मिळतं. आवाजाचा रंग चोचीकडून.

म्हणून माझा हिशोब असा. पन्नास हजार असतील तर ते सगळे चकचकीत बाज्यावर घालू नयेत. आधी दहा-पंधरा हजारांची चांगली चोच घ्यावी, ती पुढच्या प्रत्येक आल्टोवर चालते. उरलेल्यात हवा न गळणारा जुना बाजा शोधावा आणि गाद्या बदलायला थोडे बाजूला ठेवावेत. घेण्याआधी नुसती चोच हातात धरून फुंकावी. सौम्य वादनाला पांढरी सहाच्या आसपास सूर स्थिर लागला तर ओठ बरोबर. मानेसकट फुंकलं तर काळी चारच्या जवळपास. मेहकरात ट्यूनर शोधत बसावं लागत नाही, भजनी मंडळाची पेटी पुरते.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. नवी चोच उकळत्या पाण्यानं धुतली. गंधकाचा भपकारा आला आणि काळंभोर एबोनाइट शेवाळ्यासारखं हिरवट पडलं. आवाजाला काही झालं नाही, पण भाचा ती अजून लोकांसमोर काढत नाही.

वेशीपाशी त्या दिवशी वरात हलली तेव्हा मी त्या वादकाची चोच हातात घेऊन पाहिली. वरच्या बाजूला, जिथं दात टेकतात, तिथं दोन खोल खाचा होत्या. त्यांवर सायकलच्या ट्यूबचा पंक्चरचा गोल तुकडा चिकटवलेला होता. कडा उचलल्या होत्या. त्यानं अंगठ्यानं त्या दाबल्या, पत्ती ओठांत ओली केली आणि नवरदेवाच्या घोड्यामागं चालू लागला.